योगक्षेम कोणाचा?

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २२



आजचा श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांनी गीता हातात घ्यायच्या आधीच पाहिलेला असतो, घरातल्या विम्याच्या जुन्या कागदांवर. दोन हातांच्या आडोशात जपलेला दिवा, आणि खाली संस्कृतातले शब्द. एलआयसी १ सप्टेंबर १९५६ ला सुरू झाली, आणि तिचं बोधवाक्य म्हणजे याच श्लोकाचा शेवटचा तुकडा. मुंबईतल्या तिच्या मुख्यालयाच्या इमारतीचं नावही 'योगक्षेम'च आहे. लहानपणी मला वाटायचं की हे वाक्य विमावाल्यांनीच लिहिलं असणार. गीतेत ते पहिल्यांदा सापडलं तेव्हा ओळखीचा माणूस परक्या गावात भेटावा तसं झालं होतं.

अर्थ सरळ आहे. भगवंत म्हणतात, जे दुसरं काही मनात न आणता माझंच चिंतन करतात, माझ्याशी कायम जोडलेले असतात, त्यांचा योगक्षेम मी वाहतो. शंकराचार्यांनी या शब्दाची फोड अगदी हिशेबी माणसासारखी केली आहे. जे अजून मिळालेलं नाही ते मिळवणं म्हणजे योग, आणि जे मिळालंय ते राखणं म्हणजे क्षेम. आपल्या भाषेत सांगायचं तर एसआयपी म्हणजे योग, आणि विमा, एफडी, इमर्जन्सी फंड म्हणजे क्षेम.

आता अडचण बघा. दुसऱ्या अध्यायाच्या ४५ व्या श्लोकात हेच भगवंत अर्जुनाला सांगतात की योगक्षेमाच्या खटाटोपातून मोकळा हो. एकीकडे तो सोड म्हणतात, दुसरीकडे तो मी वाहतो म्हणतात. मग भक्ताने पोर्टफोलिओ ठेवायचा की नाही? वर्षातून एकदा बसून त्याची झाडाझडती घेणं हा विवेक, की देवावरच्या अविश्वासाचा पुरावा?

बरीच वर्षं माझ्याकडे याचं पाठ केलेलं उत्तर होतं : कर्म करायचं, फळ त्याच्यावर सोडायचं. उत्तर बरोबरच आहे. पण ते मी वापरत कसा होतो, हे मला २०२५ च्या फेब्रुवारीत, सावनेरला घरच्या ओसरीवर कळलं. आज तेच लिहितो.

आधी थोडा हिशेब

ज्यांना रिबॅलन्सिंग माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. समजा तुम्ही ठरवलं की शंभर रुपयांपैकी साठ शेअर बाजारात आणि चाळीस सुरक्षित ठिकाणी ठेवायचे. बाजार वाढला की साठाचे नव्वद होतात, चाळीस तिथेच राहतात. तुम्ही काहीच केलं नाही, तरी तुमचं प्रमाण बदललं. आता जवळपास ७० टक्के पैसा जोखमीत आहे. रिबॅलन्सिंग म्हणजे वाढलेल्यातलं थोडं विकून मूळ प्रमाणावर परत येणं. बाजार पडला तर उलटं : सुरक्षित पैशातून थोडं काढून पडलेल्यात घालणं. कोणी वर्षातून एकदा ठराविक दिवशी करतात, कोणी प्रमाण पाच टक्क्यांनी ढळलं की करतात.

ऐकायला सोपं. करायला महाकठीण, कारण दर वेळी मनाच्या विरुद्ध जावं लागतं. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त पडला. नियम त्या दिवसांत सांगत होता, विकत घे. किती जणांचे हात धजावले? आणि २०२४ च्या सप्टेंबरात तोच सेन्सेक्स ८५ हजारांच्या वर होता. तेव्हा नियम सांगत होता, थोडं विक. तेव्हाही हात धजावले नाहीत. निदान माझे तरी नाही.

बाबांचे दहा लाख

बाबा कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाले. मिळालेल्या पैशातून घराचं, बहिणीच्या लग्नाचं सगळं आटोपून २०२१ मध्ये दहा लाख बाजूला ठेवले आणि मला म्हणाले, "मले यातलं काही समजत नाही, तू पाहून घे."

मी तेव्हा शहाण्यासारखं वागलो. चार लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत, ज्याच्या तिमाही व्याजावर घरचा किराणा चालतो. दोन लाखांची एफडी, ती आईच्या गुडघ्यांसाठी, कारण डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की आज ना उद्या ऑपरेशन लागणार. उरलेले चार लाख एका स्मॉल कॅप फंडात. म्हणजे चाळीस-साठ. वहीत लिहूनही ठेवलं.

२०२४ च्या सप्टेंबरात फंडातल्या चाराचे साडेनऊ झाले होते. प्रमाण ६१ टक्क्यांवर गेलेलं. नियमाप्रमाणे तीनेक लाख विकून सुरक्षित ठिकाणी हलवायला हवे होते. मी काय केलं? त्याच सुमारास एफडीची मुदत संपली, तर ते दोन लाखही उचलून फंडात टाकले. बाबांच्या फोनवर ओटीपी आला, त्यांनी चष्मा लावून सहा आकडे वाचून दाखवले. कशाचा ओटीपी, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. फेब्रुवारीपर्यंत स्मॉल कॅप फंड दणकून आपटले. साडेअकराचे नऊ राहिले. आणि त्याच महिन्यात आईचा उजवा गुडघा असा काही आडला की ऑपरेशन पुढे ढकलणं शक्य नव्हतं. तीन लाख हवे होते. पोस्टातले मोडले तर किराणा बंद. म्हणजे पडलेल्या भावात फंडच विकायचा.

बाबांना सांगायला बसलो. घसा कोरडा पडला होता, आणि कोरड्या घशाने मी काय केलं असेल? गीता काढली. म्हटलं, "बाबा, बाजार आहे, खाली-वर होणारच. भगवंतांनी सांगितलंय, लाभ आणि हानी सारखीच मानावी."

बाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "तुह्या पैशाची मान ना बाप्पा. हे तं तुह्या आईच्या गुडघ्याचे होते."

वर गेला असता तर?

हिशेब केला तर नुकसान फार नव्हतं. त्या दोन लाखांचे साधारण १ लाख ५६ हजार उरले होते, म्हणजे ४४ हजार गेले. मूळ चार लाख तर पडझडीनंतरही फायद्यातच होते. ऑपरेशन झालं, नीट झालं. मित्र म्हणाले, जाऊ दे रे, बॅड लक.

मी बरेच दिवस त्या 'बॅड लक'वर विचार केला. समजा बाजार पडला नसता. समजा ते दोन लाख अडीच झाले असते. मग मी बाबांसमोर कसा बसलो असतो? छाती फुगवून. "बघा, मी एफडीतून काढले म्हणून पन्नास हजार जास्त आले." आईनेही कौतुक केलं असतं. आणि माझ्या कृतीत मात्र तसूभरही फरक पडला नसता. तोच लोभ, तीच लपवाछपवी, तेच न सांगता घेतलेले सहा आकडे.

दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक आपण सगळे जाणतो : अधिकार कर्मावर, फळावर नाही. आपण तो बहुतेक वेळा समजूत घालायला वापरतो. इंटरव्ह्यू गेला, प्रोजेक्ट बुडाला, पैसे गेले, की म्हणायचं फळ आपल्या हातात नव्हतं. पण हा श्लोक दोन्ही बाजूंनी कापतो. वाईट फळ आलं म्हणून चांगलं कर्म वाईट ठरत नाही, तसंच गोड फळ आलं म्हणून वाईट कर्म धुतलं जात नाही. बाजार पडल्यामुळे माझी चूक झाली नाही, ती फक्त उघडी पडली. चूक सप्टेंबरातच झाली होती, बाजार शिखरावर असताना, मी खुशीत असताना.

म्हणजे मी जिला समत्व म्हणत होतो ती चीज दुसरीच होती. खऱ्या समत्वाची परीक्षा सप्टेंबरात होती, आकडे हिरवे असताना. तेव्हा मी सोळाव्या अध्यायातल्या १३ व्या श्लोकातल्या माणसासारखा वागत होतो, जो म्हणतो की आज हे मिळवलं, उद्या ते मिळवीन, हे धन माझं आहेच आणि ते पण माझंच होणार. भगवंतांनी ही आसुरी वृत्तीची बोली म्हणून सांगितली आहे. मला ती रोज सकाळी सव्वानऊला ॲप उघडताना ऐकू यायची, फक्त मी तिला 'लाँग टर्म व्ह्यू' म्हणायचो.

तुकोबांनी अर्धीच बुडवली

या काळात मला तुकोबांच्या चरित्रातला एक प्रसंग वारंवार आठवत राहिला. सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवल्याचा. दुष्काळाने घर मोडलं होतं, माणसं गेली होती, आणि तुकोबांनी लोकांकडून येणं असलेल्या पैशाचे कागद नदीत सोडले. वैराग्याचं उदाहरण म्हणून आपण हा प्रसंग नेहमी ऐकतो.

पण परंपरेने सांगितलेली पूर्ण गोष्ट अशी आहे की धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, तुम्ही विरक्त झालात, आमचं काय? तेव्हा तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धी कान्होबांना दिली, आणि आपल्या वाट्याची अर्धीच बुडवली.

आधी कितीदा ऐकलं होतं, पण त्या 'अर्ध्या'वर मी कधी थांबलो नव्हतो. तुकोबांचं वैराग्य पूर्ण होतं, तरी ते त्यांच्या वाट्यापाशी थांबलं. भावाच्या पोटावर त्यांनी स्वतःची विरक्ती सिद्ध केली नाही. शिवाय बुडवलं ते लोकांकडून येणं होतं, स्वतःचं देणं नव्हे.

इथून परत आजच्या श्लोकाकडे या. शंकराचार्य या श्लोकावर एक शंका स्वतःच उपस्थित करतात : इतर भक्तांचा योगक्षेमही भगवंतच वाहतो, मग अनन्य भक्तांचं वेगळं काय? आणि उत्तर देतात की इतर भक्त स्वतःसाठी स्वतःही योगक्षेमाची धडपड करतात, अनन्य भक्त ती स्वतःसाठी करत नाहीत. त्या 'स्वतःसाठी' शब्दापाशी माझी गाठ सुटली. ही माझी समजूत आहे, आचार्यांच्या तोंडी मी ती घालत नाही. पण मला असं दिसतं की सोडायची आहे ती माझ्या योगक्षेमाची चिंता. आईच्या गुडघ्यांचा, बाबांच्या किराण्याचा योगक्षेम सोडण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. उलट भगवंत त्यांचा योगक्षेम वाहत असेल, तर तो आपल्यासारख्यांच्या हातांनीच वाहणार ना? मग त्या हातांनी निदान वही तरी नीट ठेवावी.

एक पै

वहीवरून एकनाथ महाराज आठवले. देवगिरीला गुरू जनार्दनस्वामींकडे असताना त्यांच्याकडे हिशेबाचं काम होतं. एकदा एका पैचा मेळ लागेना. नाथ रात्रभर दिव्याखाली बसले, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी ते पाहिलं आणि म्हणाले की एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराची केवढी मोठी चूक सापडायची बाकी आहे.

कोडिंग करणाऱ्यांना ती टाळी लगेच कळेल. रात्री दोनला बग सापडल्यावर आपणही तसेच ओरडतो. पण गोष्टीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. स्वामींनी हिशेब सोड असं म्हटलं नाही. ज्या एकाग्रतेने तू ही चूक शोधलीस तीच आता आत वळव, असं सुचवलं. हिशेब हीच नाथांची तालीम होती.

म्हणून मला आता वाटतं की वर्षातून एकदा पोर्टफोलिओ तपासणं ही साधना होऊ शकते. तिच्यात तीन गोष्टी असतात, आणि तिन्ही आतल्या आहेत.

पहिली, प्रमाण शांत मनाने आधी ठरवायचं. बाजार बघून प्रमाण ठरवलं की ते प्रमाण राहत नाही, ती हाव किंवा भीती होते. आमच्याकडे संत्र्याचं हेच आहे. आंबिया बहार घ्यायचा की मृग, हे शेतकरी आधी ठरवतो आणि त्याप्रमाणे झाडाला पाण्याचा ताण देतो. दोन्ही बहारांच्या लोभात पडलं तर झाड थकतं.

दुसरी, लाडक्यातून काढून दुर्लक्षिताला द्यायचं. ज्या फंडाने सुख दिलं त्यातलंच विकायला लागतं, आणि तिथे पोटात तुटतं. ते तुटणं म्हणजेच आसक्ती. एरवी ती दिसत नाही. इथे ती टक्क्यांत मोजता येते.

तिसरी, केलं की ॲप बंद करायचं. त्यानंतर फंड आणखी वर गेला तर हळहळायचं नाही. आता फळ खरोखर आपल्या हातात नाही, आणि आता ते तसं म्हणायचा अधिकारही आला.

पुरे म्हणजे किती

एक प्रश्न मात्र नियम सोडवत नाही. प्रमाण राखता येतं, पण एकूण किती झालं म्हणजे पुरे? माझ्या एक्सेलमध्ये वयाच्या ८५ व्या वर्षापर्यंतचे रकाने आहेत. आमच्याच सावनेरला २३ जानेवारी १९१९ ला राम गणेश गडकरी गेले, तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. मी ते वय ओलांडलंय. म्हणून ८५ चे रकाने खोडावेत असं नाही, कदाचित लागतीलही. पण त्या रकान्यांच्या भरवशावर आजचं देणं, आजची सेवा, आजचं नाम पुढे ढकलत असेन तर माझा हिशेब कुठेतरी चुकतोय. तुकोबांनीच सांगितलंय की चांगल्या व्यवहाराने धन जोडावं आणि उदास मनाने ते वेचावं. जोडण्याचं आपण एसआयपीवर टाकलंय. वेचण्याची तारीख कोणी लावली आहे?

मी आता एक साधी गोष्ट केली आहे. वहीची दोन पानं. एका पानावर माझा पैसा, त्यात मी जोखीम घेईन, चुकेन, देऊनही टाकीन. दुसऱ्या पानावर ज्यात दुसऱ्या कुणाचा श्वास अडकलाय तो पैसा. दुसऱ्या पानावर मी विरक्त नाही, पहारेकरी आहे.

ऑपरेशनचे तीन लाख काढल्यावर बाबांच्या खात्यात सहा लाख फंडात आणि चार पोस्टात उरले. एप्रिलमध्ये, नवीन आर्थिक वर्ष लागल्यावर, फंडातले आणखी दोन विकून परत एफडी केली. पुन्हा चाळीस-साठ, पुन्हा दहा लाख. या वेळी ओटीपी आला तेव्हा बाबांना शेजारी बसवून पानं दाखवली. त्यांनी सगळं ऐकलं, आणि एकच विचारलं, "डाव्या गुडघ्याचे कोणते?" मी एफडीवर बोट ठेवलं. मग त्यांनी आकडे वाचले.

आषाढात आम्ही धापेवाड्याला गेलो. विठोबाच्या पायऱ्या आई एका हाताने कठडा धरून चढली. दुसरा हात माझ्या खांद्यावर होता. देवापुढे उभं राहिल्यावर योगक्षेम वाहणारा कोण, हे विचारायची गरज वाटली नाही. खांद्यावरचं वजन पुरेसं स्पष्ट होतं.

आजचा अभ्यास : तुमच्याकडे दुसऱ्या कुणाचा ठेवलेला पैसा असेल, आईचा, बहिणीचा, मित्राचा, तर आज रात्री झोपण्यापूर्वी त्यांना एकदा सांगा की तो नेमका कुठे आहे. मग हरिपाठ म्हणा. मन लागतं की नाही ते बघा.

राम कृष्ण हरी.